सहावे मत

पाच जणांनी मत टाकले आणि मडक्यातून सहा बिया निघाल्या. पाच चिंचोके, एक सागरगोटा.

तोरस्करने त्या टेबलावर ओळीने मांडल्या, पुन्हा मोजल्या, मडके उलटे करून बुडावर थापट्या मारल्या. आत काहीही उरले नव्हते.

"कोणी दोन टाकल्या?" त्याने विचारले. "चूक झाली असेल तर आत्ताच सांगा, बाबांनो. दंड म्हणून फार तर एक कच्चं कारलं खावं लागेल."

इब्राहिमभाईंनी दोन्ही तळवे उघडून दाखवले. वर्तकसाहेब चष्मा पुसत होते. सुनीतीवहिनी त्या करड्या सागरगोट्याकडे एकटक पाहत होत्या.

"ह्यांचं आहे ते," त्या म्हणाल्या.

ही गोष्ट १९७८ च्या जानेवारीतली. कोकणातल्या एका भूशिरावर, तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला मैलभर काळा कातळ अशा जागी आमची वेधशाळा होती. वारा, भरती-ओहोटी आणि भूकंप यांची मोजणी हे तिथले काम. भूकंपमापक माझ्याकडे होता. तोरस्कर हवेच्या नोंदी करी, वहिनी समुद्राच्या पाण्याचे पृथक्करण करत, इब्राहिमभाई मुकादम होडी आणि यंत्रे दोन्ही चालती ठेवत, आणि डॉ. यशवंत वर्तक आमचे प्रमुख. सहावा मुकुंद सामंत, वहिनींचा नवरा. त्याच्याकडे भरतीची मोजणी होती. मागच्या मे महिन्यात तो खडकावरची मोजपट्टी तपासायला एकटाच छोट्या होडीने गेला. होडी उलटी सापडली. सामंत सापडला नाही.

खेळ सामंतानेच शोधून काढला होता. एका पावसाळ्यात रस्ता खचला आणि आम्ही सहाही जण कितीतरी दिवस अडकून पडलो, तेव्हा. खेळाचे नाव 'ठराव'. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. आहेत ते फक्त नियम. प्रत्येकाने आपल्या पाळीला एखादा नियम बदलण्याचा, मोडण्याचा किंवा नवा घालण्याचा ठराव मांडायचा, त्यावर वाद घालायचा आणि मत द्यायचे. मंजूर झाला तर गुण. गुण किती, हेही ठरावानेच ठरणार. सारे काही बदलता येई, बदलण्याची रीतसुद्धा.

मत गुप्त असे. बाजूने असेल तर चिंचोका, विरुद्ध असेल तर सागरगोटा. मडक्याच्या तोंडाला कापडी बाही शिवलेली होती, तिच्यात मूठ घालून बी सोडायची. आवाजावरून कोणती बी पडली हे ओळखू येऊ नये म्हणून तळाला गोणपाट चिकटवले होते. ठराव मांडणाऱ्याच्या डावीकडून सुरुवात व्हायची आणि मांडणाऱ्याने शेवटी टाकायचे.

नियम कागदावर उतरवायला मनाई होती. ते चहाच्या खोलीतल्या फळ्यावर खडूने लिहायचे. फळा लहान होता. म्हणून सामंताने एक नियम करून घेतला होता, की जागेसाठी पुसलेला नियम रद्द होत नाही. तो लागूच राहतो आणि ज्याने त्याने तो ध्यानात ठेवायचा. रद्द झालेले नियमही अर्थात पुसलेच जात. त्यामुळे फळ्यावर नसलेला कोणता नियम जिवंत आणि कोणता मेलेला, यावरून निम्मी भांडणे होत, आणि सामंताला तीच हवी असत.

त्याच्या अक्षरातले दोन नियम अजून फळ्यावर होते. पहिला: 'खेळाडूला वगळायचे तर एकमत हवे.' दुसरा खाली कोपऱ्यात: 'खेळ चालू असता साहेबांना अरे-तुरे करावे.' हा नियम वर्तकसाहेबांना मुळीच मान्य नव्हता. तो मोडायचा ठराव ते दर पाळीला मांडत आणि दर पाळीला हरत. पण खेळ सुरू झाला, की 'यशवंता' या हाकेला निमूटपणे ओ देत. नियम हा नियम, असे ते म्हणत. इतक्या कोरडेपणाने नियम पाळणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

सामंत गेल्यावर खेळ बंद पडला होता. जानेवारीत वहिनींनीच तो सुरू करायला लावला, आणि पहिला ठराव त्यांनीच मांडला: मुकुंद सामंत यांचे नाव खेळाडूंतून वगळावे.

"वहिनी, हे कशाला?" तोरस्कर गडबडून म्हणाला. "राहू दे की नाव. कोणाचं काय जातंय?"

"माझं जातंय," त्या म्हणाल्या. "मनू सांगलीला माझ्या आईकडे आहे. पाच वर्षांची झाली. माझी बदली मंजूर होऊन पडलीय. घरचे म्हणतात, कुंकू पूस आणि ये. त्यांना काय ठाऊक? ह्यांना ओळखणारी माणसं या टेबलाभोवती आहेत. तुम्ही सगळ्यांनी सांगितलंत, की गेले, तर मी मानीन. महिनाअखेर निघेन."

"आणि कोणी नाही म्हटलं तर?" मी विचारले.

"तर थांबेन. ते आले आणि मी नसले, असं नको व्हायला."

इब्राहिमभाईंनी मान खाली घातली. सामंत नाहीसा झाल्यावर महिनाभर ते रोज होडी घेऊन शोधायला जात होते. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "मी दर्यावरचा माणूस आहे. आठ महिने झाले. मी हो म्हणेन."

एकेकाने उघडपणे सांगितले, की हो म्हणू. मग मत टाकले. आणि सहा बिया निघाल्या.

"मुखत्यार!" तोरस्करने अचानक चुटकी वाजवली. "असा नियम होता ना काहीतरी? समुद्रावर जाताना आपलं मत दुसऱ्याकडे सोपवायचं?"

"होता," वहिनी म्हणाल्या. "पण ह्यांनीच तो पुसला. मला आठवतं. ओल्या फडक्यानं."

मलाही ते आठवत होते. मी वर्तकसाहेबांकडे पाहिले. शंका आली की आम्ही त्यांच्याकडेच पाहत असू.

"तो नियम फळ्यावर नाही," ते म्हणाले.

तो मुद्दा तिथेच मिटला.

वहिनींनी सांगलीला कळवून टाकले, की इतक्यात येणार नाही.

माझा भुतांवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. सहावी बी आहे म्हणजे ती टाकणारे बोट आहे, आणि बोट आहे तर ते आम्हा पाचांपैकी कोणाचे तरी आहे, एवढे स्पष्ट होते. पुढच्या शनिवारी वहिनींनी तोच ठराव पुन्हा मांडला, तेव्हा बिया मी वाटल्या. प्रत्येकाला एक चिंचोका आणि एक सागरगोटा. मत टाकून झाल्यावर उरलेली बी सर्वांनी माझ्या हातात परत द्यायची. पाचही सागरगोटे परत आले. मडक्यात पाच चिंचोके होते, आणि एक सागरगोटा. म्हणजे तो बाहेरून आणलेला. सागरगोट्याची काटेरी जाळी आमच्या स्वयंपाकघरामागेच होती. कोणीही जाता येता दाणा उचलावा. प्रयोगातून काहीच निष्पन्न झाले नाही.

त्या दिवसापासून वहिनी सहावा कप भरू लागल्या.

इथे आणखी एक नियम सांगायला हवा. ज्याची पाळी आहे तो बोलत नसेल, तर त्याचा चहा निवेपर्यंत सर्वांनी गप्प थांबायचे. हाही सामंताचाच नियम; त्याला विचार करायला वेळ लागे. तो अजून खेळाडू होता, तेव्हा त्याची पाळी येणारच. ती आली, की वहिनी कप त्याच्या खुर्चीपुढे ठेवत आणि आम्ही भर दुपारच्या उन्हात, उघड्या दारांच्या त्या खोलीत, एका रिकाम्या खुर्चीने बोलावे म्हणून थांबत असू. वाफ आधी दाट दिसे, मग विरळ. मग साय धरे. छपरावरचे वातमापक फिरत असे. एकदा ते मध्येच थांबले. जानेवारीत त्या सुमाराला वारा वळतो आणि वळताना काही काळ पडतो. मी नोंदी काढून पाहिल्या आहेत. पण त्या शांततेत खुर्चीचा वेत करकरला, तेव्हा तोरस्कर ताडकन उठून उभा राहिला.

"बस खाली," वर्तकसाहेब म्हणाले. "चहा निवलेला नाही."

"यशवंता, तुला काही वाटत नाही?" तोरस्करचा आवाज फाटला होता.

"वेत उन्हानं आवळतो," मी म्हणालो. ते खरे होते.

इब्राहिमभाई त्यानंतर त्या खुर्चीकडे पाठ करून बसत नसत. वहिनी मात्र टवटवीत दिसू लागल्या होत्या. केसांत अबोली माळू लागल्या. एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, आज ह्यांच्या मनात काहीतरी होतं. बोलायचं राहिलं." आणि हसल्या. ते हसणे मला त्या सागरगोट्यापेक्षा भयंकर वाटले. कारण माझा संशय तोपर्यंत त्यांच्यावरच बसला होता. एका हाताने चिंचोका आणि दुसऱ्या हाताने सागरगोटा टाकणारे, आणि पहिल्या हाताला दुसऱ्याची खबर नसणारे माणूस असू शकते, असे मी वाचले होते.

मी वर्तकसाहेबांच्या खोलीत गेलो.

"साहेब, हा खेळ थांबवा."

"खेळ थांबवायला ठराव लागतो, गवाणकर."

"तुम्ही प्रमुख आहात. हुकूम काढा."

"वेधशाळेचा प्रमुख आहे. खेळाचा नाही."

"ती बाई इथं बांधली गेली आहे. तिकडे पोर वाट बघतेय. तुम्हाला दिसत नाही?"

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "दिसतं," ते म्हणाले. "दुसरं काही?"

मी संतापून बाहेर पडलो, आणि त्याच संतापात माझ्याकडचे एक हत्यार आठवले. भूकंपमापक तपासण्यासाठी आमच्याकडे एक छोटा कंपनग्राहक होता. सागवानी टेबलाच्या एका टोकावर माशी बसली, तर दुसऱ्या टोकाला ते त्याला कळे. गोणपाटावर पडणारी बी कानाला ऐकू येत नसली, तरी त्याला ऐकू येणारच. शनिवारी सकाळी मी तो चहाच्या टेबलाखाली मेणाने चिकटवला आणि तार शेजारच्या खोलीतल्या नोंदयंत्राला जोडली. मडके टेबलावरच असे, आणि हात फिरण्याचा क्रम ठरलेला होता. आता कोणाची मूठ आत असताना दोन ठोके पडतात, एवढेच पाहायचे होते. ते वहिनींचे असू नयेत, असे मला मनापासून वाटत होते.

त्याच सकाळी सांगलीहून ट्रंककॉल आला. वेधशाळेत एकच टेलिफोन होता, वर्तकसाहेबांच्या टेबलावर. वहिनी आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या माझ्या समोरून गेल्या, पण मी त्यांना दिसलो नाही.

दुपारी त्यांनी ठराव मांडला. केसांत फूल नव्हते.

"तेच आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांचं नाव वगळावं. यानंतर मी मांडणार नाही. हे नाही म्हणाले, तर बदलीचा कागद परत करून टाकेन आणि इथंच राहीन, कायमची."

"वहिनी, असं नका करू," इब्राहिमभाई म्हणाले. "पोर लहान आहे."

"चर्चा संपली?" वर्तकसाहेबांनी विचारले. ते वहिनींच्या डावीकडे बसत, तेव्हा सुरुवात त्यांचीच होती. त्यांनी बाहीत मूठ घातली आणि काढली. मग तोरस्कर, मग इब्राहिमभाई, मग मी, शेवटी वहिनी.

तोरस्करने मडके उलटे केले. आम्ही सगळे पुढे वाकलो.

सहा बिया. सहाही चिंचोके.

सहावा कप भरून ठेवलेला होता. वहिनींनी तो पुढे ओढला, साय बोटाने बाजूला केली आणि तो गार चहा सगळा पिऊन टाकला. मग उठून फळ्यापाशी गेल्या. खेळाडूंच्या नावांत सामंताचे नाव सर्वांत वर होते. त्याचे गुण अजूनही सर्वांत जास्त होते.

"यशवंता," त्या पाठमोऱ्या म्हणाल्या, "पुसू का रे?"

"पूस," वर्तकसाहेब म्हणाले.

त्यांनी ते पदराने पुसले.

ऊन कलायच्या आत मी शेजारच्या खोलीत गेलो आणि यंत्रावरचा कागद सोडवला. सहा खुणा होत्या. शेवटच्या चार सुट्या सुट्या, आणि अगदी आरंभी दोन, एकमेकींना जवळजवळ चिकटून.

वर्तकसाहेब चहाच्या खोलीत एकटेच फळ्यासमोर उभे होते. मी कागद टेबलावर ठेवला. तो काय आहे हे त्यांना सांगावे लागले नाही.

"टेबलाखाली?"

"हो. पहिली मूठ तुमची होती. दोन ठोके आहेत."

"आहेत. एक माझ्या मताचा, एक सामंतांच्या."

मी खुर्चीवर बसलो. ती सामंताची होती हे नंतर लक्षात आले.

"मी त्यांचा मुखत्यार होतो," ते म्हणाले. "मुखत्यारानं आपलं नाव उघड करायचं नाही, असं त्या नियमातच होतं. आज दुपारी त्यांचं नाव वगळलं गेलं, तेव्हा मुखत्यारी संपली. आता सांगायला हरकत नाही."

"पण तो नियम त्यानेच पुसला होता! वहिनींना आठवतंय, मला आठवतंय."

"पुसला हे तुम्हा सगळ्यांना आठवतं. त्या जागी काय लिहिलं, ते मला आठवतं." त्यांनी फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट केले. 'खेळ चालू असता साहेबांना अरे-तुरे करावे.' "ते लिहायला जागा नव्हती म्हणून पुसला. रद्द केला नव्हता. त्या दिवशीचं काहीही मी विसरणं शक्य नाही."

"मग त्या दिवशी तुम्ही तोरस्करला म्हणालात—"

"फळ्यावर नाही, म्हणालो. नव्हताच."

"तुमचं आणि सामंताचं एकाही गोष्टीवर कधी जमलं नाही. त्यानं तुम्हालाच का नेमावं?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, बाकीचे माझ्यावरच्या प्रेमापोटी आपलं मत माझं म्हणून टाकतील. तुम्ही तसं करणार नाही." ते फळ्याकडे वळले. "मुखत्यारानं स्वतःला वाटेल तसं मत द्यायचं नसतं, गवाणकर. ज्याचं मत, त्यानं जसं दिलं असतं तसं द्यायचं. मी स्वतः तिन्ही वेळा चिंचोका टाकला. पण सर्वांत जास्त गुण असताना सामंत आपलं नाव पुसू देणारा माणूस होता का? तुम्हीच सांगा."

नव्हता. हे मला मान्य करावे लागले.

"त्यापायी वहिनी जन्मभर इथं अडकल्या असत्या."

"ठाऊक होतं. रात्री झोप नव्हती मला." हे वाक्य त्यांनी हवेचा दाब सांगावा तसे सांगितले.

"मग आज चिंचोका कसा?"

त्यांनी खडूचा तुकडा उचलला, पण काही लिहिले नाही.

"सकाळी टेलिफोनवर मुलगी होती. मी समोरच बसलो होतो. मोठ्यानं बोलावं लागतं त्या टेलिफोनवर. ह्या म्हणाल्या, मनू, आई बोलतेय. पलीकडून पोरगी म्हणाली, आई तर इथं भाकऱ्या थापतेय. आजीला आई म्हणायला लागली आहे ती. ह्यांनी रिसीव्हर ठेवला आणि मला तेवढं एक सांगितलं. दुसरं काही नाही." खडू त्यांनी पुन्हा खाली ठेवला. "ही माहिती सामंतांपाशी नव्हती. असती, तर त्यांनी काय टाकलं असतं, याचा मी दुपारपर्यंत विचार केला. मग तसं टाकलं."

खालच्या खडकावर लाट फुटल्याचा आवाज आला. मी विचारले, "वहिनींना सांगू?"

"सांगा. आता नियम आड येत नाही."

महिनाअखेरीस वहिनी निघाल्या. कातळाच्या टोकाला एस.टी. थांबत असे. इब्राहिमभाईंनी ट्रंक टपावर चढवली, तोरस्कर ड्रायव्हरशी हुज्जत घालत होता, तेवढ्यात मी त्यांना सगळे सांगितले. त्या रागावतील, रडतील, असे मला वाटले होते. त्यांनी फक्त एक विचारले.

"मनूचं कळल्यावर मत बदललं ना, भाऊजी?"

"हो."

"मग ते ह्यांचंच होतं," त्या म्हणाल्या, आणि बसमध्ये चढल्या.

या प्रसंगाची गोष्ट पुढे त्या किनाऱ्यावर निरनिराळ्या रूपांत पसरली. त्यांतल्या एकात रिकाम्या खुर्चीपाशी ओली पावले उमटतात. म्हणून जे घडले तेवढेच इथे लिहून ठेवतो. सामंताचा मुखत्यारीचा नियम जागेसाठी पुसला गेला होता, रद्द झालेला नव्हता. सहावे मत सामंताचे होते, आणि ते टाकणारा हात वर्तकसाहेबांचा होता.